डॅन्यूब क्रूझवर म्युझियम बघून होतात का? सत्तरीतल्या गुडघ्यांसकट सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सप्टेंबरात पासाउ ते बुडापेस्ट अशी सात रात्रींची डॅन्यूब क्रूझ घेताय, बरोबर सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या पुढचे, सासऱ्यांना इतिहासाचं वेड, सासूबाईंचे गुडघे दुखरे, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की एवढे पैसे भरून शहरं आणि म्युझियम नीट बघून होतात का की नुसती पळापळ.

मी गेली सोळा वर्षं पुण्या-मुंबईचे ग्रुप घेऊन युरोपात जाते, मधली कोविडची वर्षं सोडली तर जवळजवळ दरवर्षी एकदा तरी याच नदीवर असते, त्यामुळे सरळच सांगते. शहरं बाहेरून मस्त बघून होतात. म्युझियम मात्र तुम्ही फक्त जहाजाच्या प्रोग्रॅमवर राहिलात तर एकही धड होत नाही. माहितीपत्रकात कळस, घुमट, सोनेरी जिने सगळं असतं पण ते बहुतेक बाहेरूनच. त्यांच्या फुकट वॉकिंग टूरमध्ये काय होतं, कानात ते यंत्र अडकवतात, गाइड हातात पाटी घेऊन पुढे, आणि दोन तास 'हे ऑपेरा, हा राजवाडा, हे म्युझियम, चला पुढे'. मग एक तास मोकळा देतात, तो तास टॉयलेट शोधण्यात, कॉफीत आणि फ्रिजवरचे मॅग्नेट घेण्यात जातो. हे मी हसून सांगतेय पण माझ्या पहिल्या दोन सीझनला माझ्या ग्रुपचंही हेच झालं, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

पण तुमच्या घरच्यांसाठी क्रूझ हाच बरा पर्याय आहे हेही तितकंच खरं. बॅग एकदाच उघडायची, रोज नवं हॉटेल नाही, बसमध्ये पाच-पाच तास बसणं नाही, आणि जहाज बऱ्याच ठिकाणी जुन्या गावाच्या अगदी काठाशी लागतं. समुद्रातल्या क्रूझसारखी तीन-चार हजार माणसांची जत्रा नसते, दीड-दोनशे माणसं असतात. जहाजं सगळी लांबुळकी, १३५ मीटरपर्यंत लांब आणि रुंदीला जेमतेम साडेअकरा मीटर, कारण ऱ्हाइनकडून इकडे यायचं तर मधल्या माइन नदीवरची आणि कालव्यावरची लॉक, म्हणजे जहाज पाण्यासकट वर-खाली करणारे हौद, १२ मीटर रुंद आहेत, त्यात बसली पाहिजेत ना. सासूबाईंना कंटाळा आला, गुडघा दुखला, तर त्या डेकवर खुर्ची टाकून बसतील आणि शहर समोर दिसत राहील, हे बसच्या टूरमध्ये शक्यच नाही.

आता मुद्द्यावर येते. माझा नियम एका गावात एकच दालन. एक म्युझियमही नाही, त्यातलं एक दालन, फार तर दोन. बाकीचं घरी बसूनच सोडून द्यायचं, दारात उभं राहून नाही. आणि ते दालन निवडताना आदल्या दिवशी नदीवरून जे बघितलं त्याच्याशी जोडलेलं निवडायचं, म्हणजे मग काचेच्या मागची वस्तू नुसती वस्तू राहत नाही. हे मी काही अभ्यास करून शोधलेलं नाही, फजितीतून आलंय.

झालं असं की दुसऱ्या सीझनला ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मी बावीस जणांना घेऊन व्हिएन्नाच्या कला-इतिहास म्युझियमच्या पायऱ्यांवर पोचले, कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम म्हणतात त्याला, आणि दार बंद. उन्हाळ्याचे जून ते ऑगस्ट सोडले तर हे सोमवारी बंद असतं आणि मला ते माहीत नव्हतं. चूक पूर्ण माझी. एक काका, बँकेतून रिटायर झालेले, म्हणाले, 'ताई, दाराचा तरी फोटो काढू.' माझा चेहरा पडलेला. मग मान वळवली तर समोर, बागेच्या पलीकडे, तस्संच दुसरं म्युझियम, जुळं भावंड, निसर्ग-इतिहासाचं, आणि ते चालू, कारण त्याची सुट्टी मंगळवारी. घुसलो आत. तिथं एका छोट्या अंधाऱ्या खोलीत काचेत एक मूर्ती आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. जाडजूड बाई, चेहरा नाहीच, डोक्यावर केसांच्या की टोपीच्या वेढ्यांसारखी नक्षी. विलेनडॉर्फची व्हीनस. वय साधारण ३० हजार वर्षं. १९०८ मध्ये डॅन्यूबकाठी रेल्वेचं काम चालू असताना विलेनडॉर्फ गावात सापडली.

आणि मी एकदम म्हणाले, अहो विलेनडॉर्फ, परवा आपण त्याच्यासमोरून गेलो की! कुणाला आठवेना, मलाही डेकवर नीट सांगता आलं नव्हतं, तेव्हा सगळे चहा-बिस्किटात होते. त्या दिवसापासून मी उलटं करते. मेल्क हे मठाचं गाव सोडलं की सगळ्यांना डेकवर बोलावते. पासाउकडून खाली येताना विलेनडॉर्फ डाव्या हाताला येतं, मूठभर घरं आणि मागे द्राक्षमळे, फोटो काढावा असं काही नाही. तिथं सांगते की इथं एक बाई सापडली, तिला आपण व्हिएन्नात भेटायला जाणार आहोत. मग म्युझियममध्ये लोक तिला शोधत जातात, खरंच शोधत जातात, आणि काचेसमोर उभे राहिले की त्यांना मागची नदी दिसते. त्यात अजून एक गंमत, २०२२ मध्ये तिच्या दगडाचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की तो दगड बहुधा उत्तर इटलीतला असावा. म्हणजे त्या काळी कुणीतरी, आल्प्सला वळसा घालून किंवा ओलांडून, तो दगड नाहीतर ती मूर्तीच इथवर घेऊन आलं. ग्रुपमधल्या एक आजी म्हणाल्या होत्या, 'म्हणजे ही पण टूरवरच आलेली.'

तर सासऱ्यांसाठी हा पहिला धागा. दुसरा धागा त्याच पट्ट्यातला. मेल्क ते क्रेम्स हा साधारण ३६ किलोमीटरचा भाग म्हणजे वाखाउ, नदीचा सगळ्यात देखणा तुकडा, २००० पासून युनेस्कोच्या यादीत. बुकिंगच्या वेळी एकच गोष्ट विचारा, हा भाग दिवसा आहे की रात्री. काही जहाजं वेळापत्रक जुळवायला तो अंधारात काढतात आणि मग तुम्ही पैसे कशाचे दिले? उजवीकडे उंच कड्यावर आगश्टाइनचा पडका किल्ला दिसेल, मग डावीकडे डुर्नश्टाइन, तिथल्या चर्चचा निळा-पांढरा मनोरा लांबूनच ओळखू येतो आणि वर डोंगरावर किल्ल्याचे अवशेष. या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड, सिंहहृदयी म्हणतात तो, ११९२-९३ मध्ये कैदेत होता. क्रुसेडवरून, म्हणजे धर्मयुद्धावरून, परत जाताना ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डनं धरला, कारण मागे रिचर्डनं त्याचा अपमान केला होता. प्रचंड चांदी खंडणी भरून सुटला. त्यातला वाटा वापरून लिओपोल्डनं व्हिएन्नाचा तट वाढवला. पुढं तो तट बदलत, जाड होत गेला, १६८३ चा तुर्कांचा वेढा व्हिएन्नानं तटाच्या आडूनच सोसला, आणि १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफनं तो पाडायचा हुकूम काढला. तट पाडून जी गोल रिकामी जागा झाली तिथं रिंगश्ट्रासे हा रस्ता केला, आणि ती दोन जुळी म्युझियम त्याच रस्त्यावर उभी आहेत. म्हणजे डुर्नश्टाइनच्या कैद्यापासून निघालात तर फिरून म्युझियमच्या दारात येता. हे मी डेकवर अर्धं सांगते आणि अर्धं रिंगवर, मधे एक दिवस जाऊ देते.

आणखी एक, आमच्या ग्रुपसाठी मी सनावळ्या आपल्याकडच्या लावून सांगते, लगेच डोक्यात बसतं. १६८३ म्हणजे इकडे संभाजी महाराज छत्रपती आणि औरंगजेब दक्षिणेत उतरलेला. सासऱ्यांना हे फार आवडेल, करून बघा.

मेल्कच्या मठाबद्दल. बेनेडिक्टाइन साधू तिथं १०८९ पासून आहेत, आत्ताची पिवळी इमारत १८ व्या शतकातली, बरोक. लायब्ररीत लाखभर पुस्तकं, चामड्याच्या बांधणीची, छतावर चित्रं. हे जहाजाच्या प्रोग्रॅममध्ये असतं आणि हे मात्र चुकवू नका, इथं त्यांची टूर खरंच आतून असते. फक्त लायब्ररीतून चर्चमध्ये उतरायला गोल फिरणारा जिना आहे. सासूबाईंसाठी आधीच गाइडला सांगा की दुसरी वाट लागेल. मधेच सांगितलं तर मागे चाळीस माणसं खोळंबतात आणि मग त्या बिचाऱ्या संकोचानं 'मी उतरते हळूहळू' म्हणतात, आणि संध्याकाळी गुडघा सुजतो.

पासाउत घाई करू नका एवढंच सांगते. तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ, तिघींचे रंग वेगळे दिसतात, टोकाला जाऊन बघा. कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला जवळजवळ १८ हजार पाइप आहेत, तुमच्या दिवशी दुपारचं वादन आहे का बघून ठेवा. आणि जुन्या नगरपालिकेच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा कोरल्यात त्या सासऱ्यांना दाखवा, २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरला गेलं होतं, त्याच्या वरची खूण थेट १५०१ ची. सांगली-कोल्हापूरकडचं कुणी ग्रुपमध्ये असलं की तिथं दहा मिनिटं हमखास जातात, प्रत्येकाला आपल्या घराच्या भिंतीवरची खूण आठवते.

आता व्हिएन्ना, कारण तुमची खरी कसोटी तिथं. पहिली गोष्ट, नदी जुन्या शहरातून जातच नाही. पुराच्या त्रासामुळे १८७० च्या दशकात तिला सरळ नवीन पात्रात नेलं, जुन्या गावाला चिकटून जातो तो नुसता कालवा. त्यामुळे जहाज राइशब्र्यूके नावाच्या पुलापाशी, शहरापासून जरा लांब लागतं, काही जहाजं त्याहून लांब नुसडॉर्फला. लोक उतरतात, समोर टॉवर आणि हायवे बघतात आणि म्हणतात, ही व्हिएन्ना? घाबरू नका. राइशब्र्यूकेला असाल तर जवळच फोरगार्टनश्ट्रासे स्टेशन आहे, यू-१ मेट्रो घ्या, चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, बाहेर आलात की समोर कॅथेड्रल. लिफ्ट आहेत. कंपनीच्या बसपेक्षा हे लवकर होतं आणि मुख्य म्हणजे परत कधी यायचं ते तुमच्या हातात राहतं.

व्हिएन्नात दीड दिवस मिळत असेल तर माझा सल्ला, सकाळची सगळ्यांबरोबरची सिटी टूर करा, ओळख होते, आणि दुपारी संध्याकाळच्या महागड्या ऑप्शनल कॉन्सर्टच्या नादी न लागता कला-इतिहास म्युझियम. गुरुवार असेल तर लॉटरीच, रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि सहानंतर ग्रुप गेलेले असतात. आत गेलात की सरळ ब्रूगेलच्या दालनात. पीटर ब्रूगेल, १६ व्या शतकातला फ्लेमिश चित्रकार. जगात त्याची सगळ्यात जास्त चित्रं एका जागी इथंच आहेत, डझनभर. दालनाच्या मधे मऊ सोफे आहेत, सासूबाईंना तिथं बसवा आणि बसल्या जागेवरून 'शेतकऱ्याचं लग्न' दाखवा. ती चक्क पंगत आहे हो. धान्याच्या खोलीत लांब टेबल, दोन वाढपी बिजागरीतून काढलेल्या दारावर ताटं ठेवून आणतायत, एक पोरगं खाली बसून ताटली चाटतंय, नवरी डोळे मिटून गप्प, आणि नवरा नेमका कोणता यावर पंडित अजून भांडतायत. माझ्या ग्रुपमधल्या बायका या चित्रासमोर अर्धा अर्धा तास बसल्यात, 'वाढप्याचा एक पाय जास्त आहे बघा' हे एकीनंच मला दाखवलं होतं, तोवर मी शंभर वेळा बघून ते पाहिलं नव्हतं. इथं कुणालाही कलेचा इतिहास शिकवावा लागत नाही.

शेजारी बर्फातले शिकारी आहेत, १५६५ चं, आणि बाबेलचा मनोरा, १५६३ चा. हा १५६३ लक्षात ठेवा, पुढं लागतो.

सासऱ्यांचा दम टिकला तर खाली चेलिनी या इटालियन सोनार-शिल्पकाराचं सोन्याचं मीठदान बघा. २००३ मध्ये चोरीला गेलं होतं, २००६ मध्ये जंगलात पेटीत पुरलेलं सापडलं. एवढं पुरे. मग घुमटाखालच्या कॅफेत बसा, केक खा, आणि बाहेर या. इजिप्तचं दालन, नाण्यांचं दालन, राफाएल, टिशियन, सगळं सोडा. मी सांगते सोडा. ज्या दिवशी मी लोकांना तीन तास सगळं फिरवलं त्या रात्री जेवताना कुणालाही एक चित्र आठवत नव्हतं, पाय तेवढे आठवत होते.

श्योनब्रून राजवाडा बहुतेक क्रूझच्या प्रोग्रॅममध्ये असतोच, किंवा ऑप्शनलला असतो. इथं एक बारकावा आहे जो तुम्हाला कंपनीवाले सांगणार नाहीत, कारण त्यांना तो महत्त्वाचा वाटत नाही. राजवाड्याचं लहान आणि मोठं अशी तिकिटं असतात, ग्रुपला बहुधा लहान असतं, म्हणजे साधारण पहिल्या बावीस खोल्या. त्याच्या पुढे, मोठ्या तिकिटात, 'मिलियन रूम' नावाची खोली येते. भिंतींना किमती लाकूड आणि त्यात सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी, आणि त्या चौकटींत आपली मुघल लघुचित्रं! खरोखरची, दरबार, शिकार, बागा. १८ व्या शतकात मारिया थेरेसाच्या, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सम्राज्ञीच्या, घरात ती आली आणि चौकटीचे आकार वेडेवाकडे असल्यामुळे चित्रं कात्रीनं कापून, जोडून, चिकटवून बसवली. हे काम राजघराण्यातल्या लोकांनीच केलं असं सांगतात. दर वेळी मला तिथं राग पण येतो आणि हसू पण. आपल्याकडे साड्यांच्या काठाच्या गोधड्या करतात तसं त्यांनी जहांगीर-शहाजहानच्या काळाचं केलं. सासऱ्यांना इतिहासाचं वेड असेल तर त्या ग्रुपच्या तिकिटाच्या वर थोडे पैसे घाला, किंवा स्वतंत्र जा, पण ही खोली बघाच.

आणि १५६३ चा धागा हा. ब्रूगेल बाबेलचा मनोरा रंगवत होता त्याच सुमाराला अकबराच्या चित्रशाळेत हमझानामा चालू होता, हमझा नावाच्या वीराच्या गोष्टींची कापडावरची मोठमोठी चित्रं, मूळची सुमारे चौदाशे. त्यातली साठ आज व्हिएन्नातच आहेत, माक नावाच्या उपयोजित कलेच्या म्युझियममध्ये, १८७३ च्या इथल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी घेतलेली. जगातला सगळ्यात मोठा एकत्र साठा. उजेडानं खराब होतात म्हणून सगळी कायम मांडून ठेवत नाहीत, तेव्हा जाण्याआधी त्यांच्या साइटवर बघा नाहीतर उगाच फेरी पडेल. पण नुसतं माहीत असलं तरी व्हिएन्ना वेगळी दिसते.

ब्रातिस्लाव्हा लोक हलक्यात घेतात, अर्धा दिवस, आइसक्रीम, गटारातून डोकं काढलेल्या माणसाचा पुतळा, फोटो, झालं. तिथं दालन एकच, सेंट मार्टिन कॅथेड्रल. जहाजावरूनच त्याच्या मनोऱ्याच्या टोकाकडे बघा, क्रॉस नसून सोनेरी मुकुट दिसेल. १५४१ मध्ये तुर्कांनी बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, घेतलं, मग हंगेरीच्या राजांनी कारभार इकडे हलवला आणि १५६३ पासून १८३० पर्यंत राज्याभिषेक इथं झाले. पुन्हा १५६३ बघा. मारिया थेरेसाचा १७४१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे नानासाहेब नुकतेच पेशवे झालेले. ज्या मुकुटानं हे सगळं झालं तो खरा मुकुट पुढं बुडापेस्टला बघायचाय, त्यामुळे इथं नुसती कॅथेड्रलची जागा डोळ्यात साठवा. चालायला सपाट आहे पण दगडी फरशी खडबडीत, सासूबाईंना सँडल नको, बूटच.

ब्रातिस्लाव्हा ते बुडापेस्टमध्ये गाब्चिकोव्होचं मोठं लॉक लागतं, जहाज एखाद्या हौदात शिरल्यासारखं शिरतं आणि जवळजवळ वीस मीटर खाली उतरतं. जागे असाल तर डेकवर जा. रात्री झालं तर मात्र खिडकीबाहेर एकदम ओली काँक्रीटची भिंत येते, हाताच्या अंतरावर. एक काकू रात्री दोनला माझ्या दारावर, 'अगं जहाज कुठंतरी अडकलंय.' सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

बुडापेस्टमध्ये जहाज शहराच्या अगदी पोटात लागतं, दोन्ही बाजूला सगळं दिसतं. संसद भवनाची आतली टूर स्वतः आधी बुक करा, निदान महिनाभर तरी, इंग्रजीच्या वेळा लवकर संपतात, आणि युरोपबाहेरच्यांना तिकीट जास्त आहे हे धरून चाला. ६९१ खोल्या आहेत म्हणे, तुम्हाला मोजक्याच दाखवतात, पाऊण तासात. पण घुमटाखाली तो मुकुट आहे, वरचा क्रॉस वाकडा झालेला. त्या मुकुटाचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन सैन्याच्या हाती गेला, तिकडे फोर्ट नॉक्समध्ये सोन्याच्या साठ्याबरोबर ठेवला, १९७८ मध्ये परत आला, मग नॅशनल म्युझियममध्ये होता, आणि २००० च्या एक जानेवारीला समारंभानं संसदेत आणला. अभिषेकाचा झगा मात्र अजून नॅशनल म्युझियममध्येच आहे, १०३१ साली भरतकाम केलेला, सोन्याच्या दोऱ्याचा. सासूबाईंना शिवण-भरतकामाची आवड असली तर मुकुटापेक्षा तो झगा दाखवा. फक्त म्युझियम सोमवारी बंद. शनिवारी असाल तर दोहान्य रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद, तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस.

संसदेपासून नदीकाठानं थोडं खाली चालत गेलात की काठावर लोखंडाचे बूट मांडलेले दिसतील, साठ जोड, पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतल्या फॅसिस्टांनी ज्यूंना इथं उभं करून, बूट काढायला लावून, गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत. हे २००५ पासून आहे, तिकीट नाही, वेळ नाही, पाटी सोडली तर माहिती पण नाही. आठवडाभर ज्या पाण्यावरून आपण जेवत-खात आलो तेच पाणी. इथं मी काही बोलत नाही.

आणि हो, अमृता शेरगिल याच शहरात जन्मली, १९१३ मध्ये, आई हंगेरियन. दिल्लीत तिची चित्रं बघितली असतील तर बुडापेस्टचे रस्ते जरा ओळखीचे वाटतात, निदान मला वाटतात.

पैशाबद्दल माझं मत, बऱ्याच एजंटांना आवडणार नाही. वरच्या मजल्यावरची बाल्कनीवाली केबिन घेऊ नका. एकतर दिवसभर तुम्ही बाहेर नाहीतर डेकवर असणार, आणि दुसरं म्हणजे गर्दीच्या धक्क्यांवर जहाजं एकमेकांना चिकटून लावतात, मग तुमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्याची बाल्कनी आणि त्यात चड्डीवर उभा असलेला परका माणूस. खालची केबिन घ्या, फक्त लिफ्ट तिथवर जाते का विचारा, काही जहाजांत सगळ्यात खालच्या मजल्याला जात नाही, सासूबाईंसाठी ते महत्त्वाचं. वाचलेल्या पैशात क्रूझ संपल्यावर बुडापेस्टला दोन रात्री हॉटेलात राहा. म्युझियम जर कुठं खरंच निवांत होत असेल तर ते या दोन रात्रींत.

पाण्याचं कुणी स्पष्ट सांगत नाही. पाणी फार चढलं तर जहाज पुलाखालून जात नाही, फार उतरलं तर तळ लागतो, आणि मग बसनं पुढच्या गावाला. एका वर्षी आमचा ग्रुप पुरात अडकला, कंपनीनं अर्धा प्रवास बसनं उरकला आणि भरपाईत पुढच्या बुकिंगवर सवलत दिली, जी कुणीच वापरली नाही. सप्टेंबर तसा बरा, पण २०२४ च्या सप्टेंबरातच ऑस्ट्रियात मोठा पूर येऊन नदीवरची वाहतूक थांबली होती. म्हणून म्युझियमची तिकिटं शक्यतो तारीख बदलता येईल अशी घ्या आणि ट्रिप इन्शुरन्समध्ये हे बसतं का ते वाचा, एजंटनं तोंडी 'हो हो' म्हटलं ते धरू नका.

बारीकसारीक. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, चारही देश शेंगेनमध्ये, व्हिसा एकच. हंगेरीत फोरिंट चालतं, बाकी युरो. म्युझियममध्ये पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत, क्लोकरूममध्ये ठेवावी लागते, त्यामुळे सासूबाईंची औषधं आणि पाण्याची छोटी बाटली खांद्यावरच्या पर्समध्ये. शाकाहारी असाल तर बुकिंगला लेखी कळवा आणि पहिल्या दिवशी शेफला प्रत्यक्ष भेटून पुन्हा सांगा, नाहीतर सात दिवस पास्ता आणि मश्रूम. मेतकूट न्या. गरम भात ते देतात, बाकी आपलं.

एकच काम आज करा. बुकिंगच्या कागदावर व्हिएन्ना आणि बुडापेस्टला कोणता वार येतोय ते बघा आणि मला इथंच कळवा. व्हिएन्नाला सोमवार असेल तर ब्रूगेलच्या जागी व्हीनस धरू आणि मंगळवार असेल तर उलट. दोन्ही दिवस तिथंच असाल तर सासऱ्यांसाठी अख्खा तक्ता करून देते.